'पाच' म्हणणारी सुजाता

फोन सुजाताच्याच नंबरवरून आला, म्हणून मी सवयीनं 'हॅलो'ऐवजी विचारलं, "कसं ऐकू येतंय?" आमची रीतच होती ती. पलीकडून उत्तर यायचं, "पाच." त्या दिवशी आलं नाही. नुसता श्वास ऐकू आला आणि मग पुरुषाचा आवाज... "मंगलताई, मी मिलिंद. ताई गेली." मिलिंद तिचा धाकटा भाऊ, लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. मी विचारलं, "कुठं गेली?" खरंच, असंच विचारलं. आदल्याच आठवड्यात आमचं बोलणं झालं होतं. बदलीच्या गावी, विदर्भाच्या पार टोकाला, ती धावपट्टीच्या कडेला उभी होती आणि तिथल्या उन्हाला शिव्या घालत होती. निदान मला तरी तिनं तसं सांगितलं होतं. मिलिंद म्हणाला, "ताई इथंच होती. लातूरलाच, माझ्या घरी. थंडीपासून. पोटात गाठ होती... तुम्हाला सांगायचं न्हाई म्हणाली होती."

मी तेव्हा टॉवरमध्ये ड्यूटीवर होते आणि एका शिकाऊ पोराचं विमान हवेत होतं. ते उतरेपर्यंत मला रडता येणार नव्हतं. विमान उतरलं, पोरगं खाली उतरून चहा प्यायला गेलं आणि मला रडू आलंच नाही. राग आला. तो अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये. का रागावू नये? जिवंतपणी तिच्यावर रागावायची संधी तिनंच मला दिली नाही. त्यामुळे हा लेख डोळे पुसत वाचायचा म्हणून कुणी हाती घेतला असेल, तर त्यानं रुमाल खिशात ठेवावा.

आमचं विमानतळ म्हणजे म्हणायला विमानतळ. लातूरहून शिरूर अनंतपाळकडे जाताना रस्ता सोडून आत आलं की माळावर एक धावपट्टी, पत्र्याचं एक हँगर, दुमजली टॉवर आणि कुंपणाच्या कडेला एकटा उंच खांब. विमान चालवायला शिकणारी पोरं दिवसभर घिरट्या घालतात आणि निवडणुका आल्या की पुढारी उतरतात. टॉवरमध्ये बसून वैमानिकांशी रेडिओवर बोलायचं काम माझं. तो रेडिओ आणि तो खांब नीट ठेवायचं काम सुजाताचं. ती इंजिनिअर होती, मी नव्हते. ती आली तेव्हा या अख्ख्या माळावर बाई म्हणून मी एकटीच होते, आणि बाथरूमची कडी पहिल्याच आठवड्यात तिनं विमानतळ चालवणाऱ्या कंपनीच्या साहेबांशी भांडून बसवून घेतली. मी त्याआधी वर्षानुवर्षं दाराला बादली लावून भागवत होते. मैत्री व्हायला मला तेवढं पुरे झालं.

खांबाचं काम सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं. त्या खांबातून दिवसभर रेडिओच्या लहरी जातात. विमानात एक काटा असतो, तो त्या लहरींच्या दिशेनं वळतो. ढग असोत, धूळ असो, काटा दाखवेल तिकडे धावपट्टी. पण लहरी कशाच्याही असू शकतात, म्हणून खांब सतत आपलं नाव सांगत असतो. दोन अक्षरं, लांब-आखूड आवाजांत, 'डा-डिट... डा-डा', न थांबता. टॉवरमध्ये एका छोट्या स्पीकरवर ते मलाही ऐकू येतं. आणि या धंद्याचा जगभर एक नियम आहे. खांब आजारी असला, दुरुस्तीला काढला, की लहरी चालू असल्या तरी त्याचं नाव बंद करायचं. काटा वळतोय पण नाव ऐकू येत नाही, म्हणजे वैमानिकानं समजायचं की या काट्यावर विसंबायचं नाही. सुजाताला हा नियम फार आवडायचा. "माणसात असं कुठं असतंय गं?" ती म्हणायची. "आजारी पडला की आपसूक मुका. लई इमानदार चीज हाय."

तशीच तिची ती 'पाच'ची भानगड. रोज सकाळी पहिलं विमान सुरू झालं की वैमानिक आम्हाला आणि आम्ही वैमानिकाला विचारतो, कसं ऐकू येतंय? एक ते पाचमध्ये उत्तर द्यायचं. एक म्हणजे काहीच कळत नाही, पाच म्हणजे अगदी स्वच्छ. पोरांना विमान शिकवणारे आमच्याकडचे एक कॅप्टन मास्तर उत्तर देताना नेहमी पाचच म्हणायचे, रेडिओचा सेट कितीही खरखरत असला तरी. म्हणायला सोपं, आणि कुणाचं मन मोडत नाही. सुजाता एकदा भर उन्हात धावपट्टीवरून चालत त्यांच्या विमानापाशी गेली. इंजिन बंद व्हायची वाट पाहिली आणि म्हणाली, "कॅप्टनसाहेब, मला सकाळपासून तीनच्या वर ऐकू येईना, तुम्हाला पाच कुठनं यायलंय? तुमच्या पाचानं माझा सेट सुधारणार हाय का?" मास्तर हसले. ती हसली नाही. तेव्हापासून ते तीन म्हणू लागले, चार म्हणू लागले, आणि एकदा तर चिडून "अडीच" म्हणाले. आम्ही दोघी मात्र फोनवर ते 'पाच' चेष्टेनं म्हणायला लागलो. कशी आहेस? पाच. सासू कशी आहे? दोन. जेवण? साडेचार, मीठ कमी. चेष्टा असली तरी त्या आकड्यात खोटं बोलायचं नाही, असं न ठरवताच ठरलं होतं. मला आत्ता सगळ्यात जास्त चीड येते ती याची.

आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात ती अशी फाटते की भेगेत हात कोपरापर्यंत जावा. खांबाच्या बुडाशी जमिनीत तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या आहेत. जमीन फाटली की त्या ताणून तुटतात, आणि माती सुकली की खांबाचा जमिनीशी असलेला धागाच सुटतो. मग लहरी कमी पडतात, काटा भरकटतो. यावर उपाय एकच, तारा जोडायच्या आणि बुडाशी खड्डा करून त्यात मीठ, कोळसा घालून पाणी ओतत राहायचं. पाणी! लातूरकडच्या उन्हाळ्यात! एका वर्षी टँकरमधलं पाणी ती खड्ड्यात सोडत होती आणि कुंपणापलीकडे गयाबाई घागर घेऊन उभी राहिली. गयाबाईचं शेत आमच्या कुंपणाला लागून आहे. ती म्हणाली, "आमाला प्यायला न्हाई अन् तुमी जमिनीला पाजायलाव का बाई?" सुजातानं नळी बंद केली. टँकर गयाबाईच्या वस्तीकडे वळवला आणि त्यासाठी साहेबांकडून बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून तिनं क्वार्टरवरचं सगळं वापरलेलं पाणी साठवायला सुरुवात केली. भांड्यांचं, कपड्यांचं, आंघोळीचं. मलाही कामाला लावलं. दोघी इंजिनिअर-ऑपरेटर बायका डोक्यावर उष्ट्या पाण्याचे डबे घेऊन खांबाकडे निघायचो आणि पोरं विमानातून बघायची. गयाबाई नंतर आपल्या म्हशी धुतलेलं पाणीही आणून द्यायला लागली. "घे, तुज्या खांबाला," म्हणायची. खांबाच्या बुडाला शेणाचा वास यायचा आणि काटा मात्र सरळ उभा असायचा.

पण एका उन्हाळ्यात ते पाणीही पुरलं नाही. तारा इतक्या ठिकाणी तुटल्या होत्या की अख्खी जमीन उकरून नव्या घालायला हव्या होत्या. तिनं तसं वर कळवलं, पुन्हा कळवलं. उत्तर नाही. आणि नेमका तेव्हाच एक मोठा पुढारी उतरणार होता. साहेब आदल्या दिवशीच आले. खांबाला स्वतःची तब्येत कळते. लहरी कमी पडल्या की तो आपोआप बंद होतो, आणि त्या दिवशी तो सारखा बंद पडत होता. साहेब म्हणाले, "एक तार जोड आणि त्याला आपोआप बंद करणारा भाग बाजूला काढ. उद्या संध्याकाळपर्यंतचा तर प्रश्न आहे."

सुजाता म्हणाली, "जोडते. पण नाव काढून."

"नाव काढलं तर तो बंद आहे असं वर जाईल."

"बंदच हाय की साहेब."

"आजकाल सगळे जीपीएसवर येतात. तुझ्या खांबाला कोण विचारतंय?"

"कोण विचारत नसंल तर खोटं बोलून तरी काय मिळणार तुम्हाला? मुका खांब परवडला, लबाड न्हाई."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना काम नको असतं, फक्त नोकरी हवी असते." 'यांना' म्हणताना त्यांच्या ओठाचा कोपरा कसा वाकडा झाला, ते मी पाहिलं आणि सुजातानंही पाहिलं. ती निळ्या झेंड्याच्या वस्तीतून शिकून वर आलेली पोर होती. तो वाकडा कोपरा तिनं शाळेपासून पाहिला होता. मी साहेबांना म्हणाले की नाव चालू ठेवलंत तर येणाऱ्या प्रत्येक विमानाला मी रेडिओवर सांगेन, खांबावर विसंबू नका. ते माझ्या हद्दीतलं काम होतं. मग साहेबांनी नाव काढू दिलं. पुढारी दुसऱ्या दिवशी मुक्या खांबावरून उतरला, हार घालून घेतला, भाषण केलं, गेला. त्याला काही कळलंही नाही. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत सुजाताची बदली झाली.

बदलीच्या कागदावर कारण होतं 'प्रशासकीय सोय'. कुणाची सोय, ते लिहिलेलं नव्हतं. जायच्या दिवशी ती स्पीकर लावून बराच वेळ 'डा-डिट... डा-डा' ऐकत बसली. नव्या तारा शेवटी आल्या होत्या, तिच्या बदलीचा कागद निघाल्यावर, आणि त्या घालूनच ती निघाली होती. साहेबांना तारांचे पैसे तिच्या मागणीवरून मंजूर करायचे नव्हते, हे न समजण्याइतकी मी दुधखुळी नाही. मी रडत होते. ती म्हणाली, "काय झालं? फोन हाय की. रोज चेक करू."

आणि रोज नाही तरी दर दोन-चार दिवसांनी फोन व्हायचा. कसं ऐकू येतंय? पाच. इकडची भांडणं मी सांगायची, तिकडची ती सांगायची. हिवाळ्यापासून तिच्या फोनमध्ये वारं फार ऐकू यायला लागलं. मी एकदा विचारलं, "लई वारं सुटलंय का गं तिकडं?" ती म्हणाली, "हाव. उघडा माळ हाय ना." मला वाटलं, बरं आहे, बाई अजून धावपट्टीवर फिरते आहे.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी मिलिंदच्या घरी गेले. हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी तिचा फोटो, पुढं मेणबत्ती. तो फोटो तिच्या ओळखपत्रावरचा होता, त्यात ती कुणावर तरी खेकसण्याच्या तयारीत दिसते. मी मिलिंदला म्हणाले, "तू माझ्याशी बोलायचास, मी क्लासमध्ये तुला भेटून गेले उन्हाळ्याच्या तोंडाला, आणि तू एक शब्द काढला नाहीस?" बिचारा खाली मान घालून म्हणाला, "ताईनं शपथ घातली होती. म्हणाली, मंगलला कळलं तर ती ड्यूटी सोडून इथं येऊन बसंल. तिला टॉवरातच बसू दे, तिथं कुणीतरी आपलं पाहिजे." मग तो गच्चीच्या जिन्याकडे बघत बोलायला लागला... तुम्हाला फोन करायचा असला की ताई वर जायची. वारं ऐकू यावं म्हणून. तुम्हाला वाटावं, माळावरच हाय. नंतर तिला जिना चढवेना. मग ती कॉटवर पडूनच टेबल फॅन तोंडापुढं ओढून घ्यायची आणि मला म्हणायची, जोरात कर.

टेबल फॅन! तो फॅन तिथंच होता, कॉटच्या पायथ्याशी. मी त्या घरात, त्या फोटोसमोर, मिलिंदची बायको चहा घेऊन उभी असताना मोठ्यानं ओरडले, "अगं सटवे!"  मेलेल्या माणसाच्या घरी असं ओरडतात का? पण मी काय करू? आजारी खांबाचं नाव बंद केलं पाहिजे म्हणून जिनं नोकरीची माती करून घेतली, ती स्वतः आजारी असताना रोज ठणठणीत नाव सांगत राहिली. पाच. पाच. पाच. लोका सांगे ब्रह्मज्ञान! कॅप्टन मास्तरांना भर उन्हात जाऊन बोल लावणारी हीच का ती? तुझ्या 'पाच'वर विसंबून मी इथं बसले ना गं. मी काट्याकडे बघत होते आणि काटा भलतीकडेच होता. आणि वर म्हणे मंगल येऊन बसेल. बसले असते! बसलेच असते. तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले असते, तुझ्याशी भांडत बसले असते. त्यात काय बिघडलं असतं?

आधी दुखणं अंगावर काढलं ते बदलीच्या गावी. मिलिंद म्हणाला, तिथं तिच्याशिवाय दुसरा इंजिनिअर नव्हता आणि रजा मागितली की बदली करून घेतल्याबद्दल टोमणे मिळायचे, जणू तिनं ती मागून घेतली होती. डॉक्टरकडे जायला उशीर झाला. किती उशीर झाला आणि तो कुणामुळे झाला, हे मोजायला कुठलं यंत्र नाही, म्हणून सगळे सुटले. मी मात्र माझ्यापुरतं मोजून ठेवलं आहे.

आणि मग शोकसभा. हँगरमध्ये खुर्च्या मांडल्या, तिच्या फोटोला हार घातला. साहेब खास आले. माइकवर म्हणाले, "मॅडम म्हणजे सदैव हसतमुख, सर्वांना सांभाळून घेणारं, सहकार्यशील व्यक्तिमत्त्व. त्यांच्या जाण्यानं आपल्या परिवाराची हानी झाली आहे." मेल्या म्हशीला मणभर दूध! जिवंत होती तोवर लाथाळ होती. हसतमुख? तिला हसताना पाहणारी माणसं या माळावर आम्ही दोघीच, मी आणि गयाबाई. गयाबाई कुंपणापाशी उभी होती, तिला आत कुणी बोलावलं नव्हतं. मी उठले, तिला हाताला धरून आत आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. नंतर मला बोलायला सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हणाले की सुजाता सहकार्यशील नव्हती, सांभाळून घ्यायची नाही, आणि म्हणूनच आपली विमानं धडपणे उतरतात. मग चहा-बिस्किटं झाली. साहेबांनी माझ्याकडे न बघता बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, आणि तेवढं एक मला त्या दिवशी बरं वाटलं.

या सगळ्यात माझ्याकडे तिचं म्हणून काही उरलं असेल तर तो स्पीकर. तिनं घातलेल्या तारांवर चालणारा खांब आणि त्याची ती दोन अक्षरं. ती गेल्यापासून मी सकाळी टॉवरवर आले की आधी तो आवाज मोठा करायची. डा-डिट... डा-डा. कुणाला वेडेपणा वाटेल, पण ती शेजारच्या खोलीत हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली आहे, असं वाटायचं. आवाज ऐकला की मी मनात एक शिवी घालायची आणि कामाला लागायची.

मागच्या आठवड्यात कॅप्टन मास्तरांनी वरून कळवलं की काटा भरकटतोय, पण नाव स्वच्छ येतंय. मी खिडकीतून खांबाकडे पाहिलं. पाऊस यंदा लांबला आहे, जमीन पुन्हा फाटली आहे. उष्टं पाणी वाहून नेणारं आता कुणी नाही. मी एकटीनं नेलं काही दिवस, पण एकटीनं काय होतं? नांदेडहून येऊन-जाऊन काम बघणारा नवा इंजिनिअर त्या दिवशी आलेला होता, त्याला वर बोलावलं. भला माणूस आहे, पण भिणारा. मी विचारलं, "खांब आपोआप बंद कसा पडला नाही?" तो म्हणाला, "मॅडम, तो भाग बाजूला काढलाय. साहेबांनीच सांगितलं. काटा हलतोय ना, म्हणजे चालूच आहे."

मी म्हणाले, नाव काढा. तो म्हणाला, साहेबांना विचारतो. मी माइक उचलला आणि हवेतल्या विमानाला सांगितलं की खांब नादुरुस्त आहे, त्यावर विसंबू नका. मास्तरांनी ते शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवले. मग मी इंजिनिअरकडे वळले. "आता माझं बोलणं टेपवर गेलंय. तुमच्या खांबानं काय बोलायचं ते तुम्ही ठरवा."  तो जिना उतरून उपकरणांच्या खोलीत गेला. मी स्पीकरकडे बघत उभी राहिले. डा-डिट... डा-डा. डा-डिट... आणि थांबला.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं. माझ्याच हट्टानं माझ्या खोलीतली सुजाता बंद झाली. आता तारा येईपर्यंत, आल्या तर, तो आवाज नाही. पण ती असती तर तिनं हेच केलं असतं, आणि वर मला विचारलं असतं की रडायला काय झालं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर 'सुजाता'. मिलिंदनं तिचा नंबर अजून बंद केलेला नाही, कागदपत्रांसाठी ठेवला आहे. मला ते माहीत आहे, तरी दर वेळी आधी तीच वाटते. मी फोन उचलला. तो म्हणाला, "मंगलताई, सहज केला. कशा हायत?"

तोंडात पाच आलं होतं. सवयच ती. मी ते गिळलं.

"दोन," मी म्हणाले. "दोनच हाय रे, मिलिंद."

 त्याच्या मागं कुठं वारं नव्हतं, पंखा नव्हता. तो म्हणाला, "माझंबी तेवढंच हाय, ताई. संध्याकाळी घरी या."